चेक आणि शह हा एकच शब्द आहे, कसा ते बघा

सकाळी उठल्यापासून आपण चेक हा शब्द किती कामांना लावतो ते एकदा कान देऊन ऐका. बाबांचं बीपी चेक करून आणलं. खात्यात पीक विम्याचे पैसे पडले का चेक कर की जरा. एसटीत चेकिंग लागलं होतं. व्यापाऱ्यानं सोयाबीनचा चेक दिलाय पण अजून वटला नाही. पोराला चेक्सचा शर्ट घेतला. वरल्या नाल्यावर चेक डॅम झाला. चेकनाक्यावर ट्रक अडकून पडला. आणि घरातलं लेकरू मोबाईलवर बुद्धिबळ खेळता खेळता मधीच ओरडतंय, चेक!

आता नीट बघा, यात एक अर्थ तपासण्याचा, एक अडवण्याचा, एक पैशाच्या कागदाचा, एक कापडावरल्या चौकडीचा आणि एक खेळातला. बीपीचा आणि शर्टाचा काय संबंध असणार, कुणालाही वाटेल की इंग्रजीत हे चार-पाच वेगवेगळे शब्द असतील आणि उच्चार योगायोगानं सारखा झाला असेल. तसं नाहीये. हे सगळे एकाच शब्दाचे फाटे आहेत आणि तो शब्द मुळात इंग्रजी नाहीच, फारसी आहे. शाह. म्हणजे राजा. मराठीत बुद्धिबळ खेळताना आपण जो शह देतो तो आणि इंग्रजीतला चेक हा एकच शब्द, फक्त एक आपल्याकडं जवळच्या वाटेनं आला आणि दुसरा बगदाद, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून आला. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून ती कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, म्हणून म्हणलं सविस्तर लिहूनच काढावं.

सुरुवात आपल्याच देशातून करावी लागते. बुद्धिबळाचं जुनं नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची फौज, म्हणून चतुरंग. हा खेळ साधारण सहाव्या शतकाच्या आसपास भारतातून इराणात गेला, तिथल्या लोकांनी त्याला चत्रंग म्हणायला सुरुवात केली. पुढं सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि खेळ त्यांच्याकडं गेला, पण अरबी भाषेत च पण नाही आणि ग पण नाही, मग चत्रंगचं झालं शतरंज. पटावरच्या राजाला इराणी लोक त्यांच्या भाषेतला शब्द वापरायचे, शाह. आणि समोरच्याच्या राजावर मारा आला की त्याला सावध करायला तोंडानं म्हणायचे, शाह! म्हणजे बाबा रे, राजा सांभाळ. हीच ती आपली शह देण्याची चाल. नुसतं राजाचं नाव घ्यायचं, बाकी काही बोलायची गरजच नाही.

आणि राजाला हलायला जागाच उरली नाही की म्हणायचे शाह मात. यातल्या मातचा अर्थ काय यावर दोन मतं आहेत. एक मत असं की अरबीत मात म्हणजे मेला, तर राजा मेला. दुसरं मत असं की फारसीत मात म्हणजे गांगरलेला, हतबल, ज्याचं काही चालेनासं झालंय असा. मला दुसरं जास्त पटतं कारण बुद्धिबळात राजा कधी मारलाच जात नाही, तो पटावरच असतो, फक्त त्याला सगळीकडून कोंडलेलं असतं. इंग्रजीतलं चेकमेट ते हेच शाह मात, अक्षरं तेवढी घासली गेली. आणि आपण मराठीत संकटावर मात केली, आजारावर मात केली, असं जे पेपरात रोज वाचतो ती मात पण बुद्धिबळाच्या पटावरचीच. शह-काटशह, मात करणं, मात खाणं, प्याद्याचा वजीर होणं, आपल्या राजकारणाच्या बातम्या या शब्दांशिवाय पूर्णच होत नाहीत, आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी बुद्धिबळ असतंच असं काही नाही.

बरं, शाहचा चेक कसा काय झाला? इथं बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, पण पायरी पायरीनं बघितलं की अवघड नाही. अरबांबरोबर खेळ स्पेन आणि इटलीच्या बाजूला पोचला. तिथले शिकलेले लोक लॅटिनमधी लिहायचे आणि लॅटिनला शाहमधले श आणि शेवटचा ह हे दोन्ही आवाज जड जायचे. त्यांनी त्याचं केलं स्काकुस. ह च्या जागी क आला तो इथं. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमधी येताना पुढं ए लागला, एशेक, आणि त्यातला श तेव्हा च सारखा बोलला जायचा, म्हणजे एचेक. १०६६ मधी नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि तिच्यातले हजारो शब्द इंग्रजीत शिरले त्यात हा पण आला. इंग्रजीनं पुढचा ए गाळून टाकला. राहिलं काय? चेक. आपण स्टेशनचं टेसन केलं तसंच आहे हे, प्रत्येक तोंड आपल्याला सोपं जाईल असं शब्दाला वळवून घेतं.

याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन होतं एचे, एचेस असं काहीतरी, त्याचाही पुढचा ए गेला आणि राहिलं चेस. म्हणजे चेस हा शब्द पण शाहच, फक्त अनेकवचनात. इंग्रजांनी खेळाला नाव दिलं ते 'राजे'. जर्मन लोक बुद्धिबळाला शाख म्हणतात, रशियन शाखमाती म्हणतात, म्हणजे तिकडं तर शाह मात हे अख्खं वाक्यच खेळाचं नाव होऊन बसलंय. स्पॅनिशमधी मात्र आखेद्रेस म्हणतात, ते अरबी अल-शतरंजवरून आलं, म्हणजे खोदत गेलं तर आपलं चतुरंग.

आता अर्थाकडं येऊ. राजाचं नाव घेऊन दिलेला इशारा, एवढाच अर्थ असलेला शब्द तपासण्यापर्यंत गेला कसा?

बुद्धिबळ खेळणाऱ्याला हे चटकन कळेल. तुमचा डाव किती पण रंगात आलेला असू द्या, तुम्ही समोरच्याचा वजीर मारायच्या बेतात असा, पण एकदा शह बसला की तुमचं सगळं ठप्प. नियमच आहे की आधी राजा सोडवायचा, दुसरी कुठलीच चाल करता येत नाही. एकतर राजा हलवा, नाहीतर मधी मोहरा घाला, नाहीतर शह देणाऱ्याला मारा. म्हणजे शह म्हणजे थांब. यावरून इंग्रजीत चौदाव्या शतकापासूनच चेकचा अर्थ अचानक आलेली अडवणूक, आडकाठी असा होत गेला. घोड्याला लगाम ओढून थांबवला तर चेक, शत्रूची चाल रोखली तर चेक. मग अडवण्यावरून आवर घालणं, आवर घालण्यावरून नियंत्रण ठेवणं. आणि नियंत्रण ठेवायचं तर काय करावं लागतं, कुणी काय केलं ते पडताळून बघावं लागतं, बरोबर का चूक ते तपासावं लागतं. तिथून सतराव्या शतकाच्या आसपास चेक म्हणजे तपासणं हा अर्थ पक्का झाला. जो अर्थ आज आपण सगळ्यात जास्त वापरतो तो असा बराच उशिरा आलेला आहे.

चेक डॅममधी मात्र तो मधला जुना अर्थ अजून जिवंत आहे. नवखा माणूस म्हणेल की हे पाणी तपासायचं धरण असेल, पण इथं चेक म्हणजे आवर घालणं. नाल्याचं पाणी पळत सुटलेलं असतं, सोबत माती घेऊन चाललेलं असतं, त्याला आडवी छोटी भिंत घालून थबकवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि पाणी जमिनीत मुरू द्यायचं. साठवणं हे दुय्यम, वेग मोडणं हे मुख्य काम. ज्या भागानं २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं बघितलंय त्या भागाला हा अर्थ शब्दकोशातून शिकवायची गरज नाही. चेकनाका पण याच कुळातला, तिथं अडवणं आणि तपासणं हे दोन्ही अर्थ एकाच बांबूच्या आडणीवर बसलेत.

आता पैशाचा चेक. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि त्यासाठी बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाच्या कचेरीत जावं लागतं.

तिथं हिशेब करायची मोठी अडचण होती, कारण त्यांच्याकडं आपले शून्यासकटचे आकडे अजून रुळले नव्हते. रोमन आकडे होते आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी कागदावर करून बघा म्हणजे कळेल. म्हणून ते हिशेब टेबलावर सोंगट्या मांडून करायचे. त्या काळचा राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं या टेबलाचं वर्णन लिहून ठेवलंय. टेबल दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वर ठेवलेल्या सोंगट्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि कापडावर रेघा, दोन रेघांत फूटभर किंवा पसरलेल्या हाताच्या वीतभर अंतर. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार. जिल्ह्याजिल्ह्याचा अधिकारी वसुली घेऊन यायचा आणि त्याच्यादेखत सोंगट्या मांडल्या जायच्या, इतके द्यायचे होते, इतके आणले, इतके बाकी. लिहिता-वाचता न येणाऱ्याला पण समोर दिसायचं की आपल्याकडं किती निघायलेत.

त्या चौकटीच्या कापडामुळं टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमधी स्काकारियुम आणि त्या वेळच्या फ्रेंचमधी एशेकिये म्हणायचे, त्यावरून त्या टेबलाला आणि मग अख्ख्या खात्यालाच नाव पडलं एक्सचेकर. फिट्झनील आणखी एक कारण देतो. तो म्हणतो, पटावर जशी दोन राजांत लढाई होते तशी इथं खजिनदार आणि वसुली अधिकारी यांच्यात होते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, ऋषी सुनक २०२० ते २०२२ या काळात त्याच पदावर होते. म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याचं नाव बुद्धिबळाच्या पटावरून पडलं आणि पटाचं नाव शाहवरून.

याच खात्यात पावतीची एक पद्धत होती. कागद महाग, मग पैसे भरल्याची खूण म्हणून एक लाकडी काठी घ्यायची आणि तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी आणि एका पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. मग काठी मधून उभी चिरायची, एक भाग पैसे देणाऱ्याकडं आणि दुसरा खजिन्याकडं. पुढं कधी वाद झाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. कुणी आपल्या तुकड्यावर एक खाच जास्तीची पाडली तर दुसऱ्या तुकड्यावर ती नसणार, लबाडी तिथंच उघडी. शिवाय लाकडाच्या रेषा जुळायला पाहिजेत, त्या कुणालाच खोट्या करता येत नाहीत. ही पद्धत शेकडो वर्षं चालली आणि १८२६ मधी बंद झाली. मग त्या जुन्या काठ्यांचं करायचं काय म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या लंडनच्या संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत घालून जाळल्या, भट्ट्या अति तापल्या आणि त्या रात्री संसदेची इमारतच जळून गेली. आज आपण टीव्हीवर बघतो ती इमारत त्यानंतर बांधलेली आहे.

काठीचे दोन भाग करायची कल्पना कागदावर आली तेव्हा तिचं झालं काउंटरफॉईल. अठराव्या शतकात इंग्लंडमधी बँकेवर पैसे द्यायचा जो हुकूम लिहायचे त्याला एक जोडतुकडा असायचा, खोटेपणाला आळा घालण्यासाठी, पडताळणीसाठी. त्या तुकड्याला चेक म्हणायचे. म्हणजे आधी चेक हे नाव पैशाच्या कागदाचं नव्हतंच, मागं राहणाऱ्या तुकड्याचं होतं. नंतर ते नाव सरकत सरकत मुख्य कागदावरच जाऊन बसलं. आपल्याकडं बँकेत पैसे भरायची स्लिप बघा, मधी बारीक छिद्रांची रेघ असते, एका बाजूला आपण रक्कम आणि खातेनंबर लिहितो, दुसऱ्या बाजूला तेच परत लिहितो, कॅशियर दोन्हीवर मिळून शिक्का हाणतो आणि छोटा तुकडा फाडून आपल्या हातात देतो. गावाकडची जुनी माणसं ते तुकडे पासबुकात घालून दोरा गुंडाळून ठेवतात आणि वर्षानुवर्षं टाकत नाहीत. बरोबर करतात. चेक या नावाचा मूळ मालक तो तुकडाच आहे.

स्पेलिंगचा घोळ पण यातूनच. अमेरिकन लोक सगळ्या चेकला एकच स्पेलिंग वापरतात. इंग्लंडमधी बँकेच्या चेकला एक्सचेकर शब्दाच्या वळणानं क्यू-यू-ई लावायची रीत पडली आणि इंग्रजांचा कायदा आपल्याकडं आला म्हणून आपल्या बँकांत पण तेच चालतं. शाळेतल्या लेकरांचे यापायी मार्क जातात, तर त्यांना कुणीतरी सांगा की दोन्ही शब्द एकच आहेत आणि एकावर खजिन्याची छाप पडलीय एवढंच.

इथं एक दुसरं मत पण सांगायला पाहिजे. चेक हा शब्द अरबी सक्क वरून आला असं बरेच जण म्हणतात. सक्क म्हणजे पैसे द्यायचा लेखी हुकूम, आणि ही पद्धत अरब व्यापाऱ्यांत इंग्रजांच्या कितीतरी आधी होती हे खरंच आहे, आपल्या हुंडीसारखीच. पण इंग्रजीत हा शब्द पैशासाठी पहिल्यांदा दिसतो तो जोडतुकडा, पडताळणीचा तुकडा याच अर्थानं, म्हणून शब्दकोशवाले बहुतेक बुद्धिबळाच्याच बाजूनं कौल देतात. पद्धत अरबांकडं आधी होती आणि शब्द वेगळ्या वाटेनं आला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याकडं चेकचा कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. त्यातलं कलम १३८ सगळ्यांना माहीत असतं, चेक बाऊन्सचं. ते १८८१ पासून नव्हतं बरं का, १९८८ च्या दुरुस्तीनं आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण त्यासाठी मुदती पाळाव्या लागतात. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक वटला नाही अशी चिठ्ठी, हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि तरी पैसे नाही दिले तर त्यापुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. आडतीवर माल घालणाऱ्या शेतकऱ्यांची इथंच फसगत होते, देतो देतो म्हणत व्यापारी दिवस काढतो आणि मुदत निघून जाते. आणखी एक, २०१२ च्या एप्रिलपासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, आधी सहा महिने चालायचा, हे अजून पण खूप लोकांना माहीत नाही. २०२१ पासून पन्नास हजाराच्या वरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आलंय, चेक लिहिणाऱ्यानं नंबर, तारीख, नाव, रक्कम वेगळी बँकेला कळवायची आणि बँकेनं चेक आल्यावर दोन्ही जुळवून बघायचं. काठीचे दोन तुकडे परत एकमेकांना लावून बघितले, दुसरं काय.

राहिला चेक्सचा शर्ट. तो सोपा आहे, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन म्हणून चेक. पण यात आपल्या घरातली एक गोष्ट लपलेली आहे. सतरंजी! सतरंजी हा शब्द शतरंजीवरून आलाय, म्हणजे शतरंजच्या पटासारखी नक्षी असलेलं अंथरूण. आता सतरंज्या पट्ट्यापट्ट्यांच्या पण असतात पण नाव पडलं ते पटाच्या चौकडीवरून. म्हणजे इंग्रजांनी चौकडीच्या कापडाला बुद्धिबळावरून नाव दिलं आणि इकडं फारसी-हिंदुस्थानी बोलणाऱ्यांनी पण चौकडीच्या कापडाला बुद्धिबळावरूनच नाव दिलं, एकमेकांना न विचारता. गावात सप्ताह बसला की देवळाच्या खोलीतून गुंडाळ्या निघतात, टोकाला सुतानं नाहीतर ऑईलपेंटनं गावाचं किंवा मंडळाचं नाव टाकलेलं असतं, दोघं दोन बाजूला धरून झटकतात आणि धुरळा उडतो, त्या सतरंजीच्या नावात चतुरंग सेना आहे, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. कीर्तनाला चेक्सचा शर्ट घालून जो माणूस तिच्यावर मांडी घालून बसलाय त्याच्या अंगावर पण बुद्धिबळ आणि खाली पण बुद्धिबळ.

आणि शाह? तो तर मराठवाड्यात पावलोपावली आहे. १३४७ मधी बहमनी राज्य सुरू झालं ते दौलताबादलाच, अलाउद्दीन हसन बहमन शाहचा राज्याभिषेक तिथं झाला. मग निजामशाही, मुघल, शेवटी हैदराबादचा निजाम १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत. आधी फारसी आणि मग उर्दू ही सरकारी भाषा, म्हणून तर आपल्याकडं निजामकाळातल्या नोंदी काढायच्या म्हणलं की उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. छत्रपती संभाजीनगरात शहागंज आहे, शहानूरमियाँ दर्गा आहे, जालना जिल्ह्यात गोदावरीकाठी शहागड आहे, या सगळ्यात तोच शाह. बादशहा, शहजादा, शाही लग्न, सगळीकडं तोच. आणि आदिलशाही-निजामशाहीतलं ते 'शाही' आपण इतकं आपलं करून टाकलं की नवीन शब्द पण त्याच्यावरच बांधले, हुकूमशाही, नोकरशाही, आणि लोकशाही. लोक संस्कृत, शाही फारसी. लोकांचं राज्य म्हणताना पण आपण राजाचाच शब्द वापरतो, फक्त शाहच्या गादीवर लोक बसवलेत, आणि मला हा शब्द त्यामुळंच फार ताकदीचा वाटतो, प्रजासत्ताकपेक्षा पण.

अजून एक पायरी खाली उतरू. शाह हा शब्द पण कशावरून तरी आलाच असणार. इराणात बेहिस्तून नावाच्या डोंगरावर दारियस राजाचा कोरीव लेख आहे, इसवी सनाच्या ५२० वर्षं आधीच्या आसपासचा. त्यात तो स्वतःला ख्शायथिय ख्शायथियानाम् म्हणवून घेतो. राजांचा राजा. शेवटचं ते आनाम् बघा, देवानाम्, नराणाम् म्हणतो आपण, अगदी तसंच, कारण जुनी इराणी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी. हेच शब्द घासून शाहानशाह, म्हणजे शहेनशहा झाले. आणि ख्शायथियच्या मुळाशी जो धातू आहे, सत्ता चालवणं या अर्थाचा, त्याचाच संस्कृतमधला भाऊ क्षत्र, क्षत्रिय यात आहे. त्याच मुळातून जुन्या इराणीत राज्यासाठी जो शब्द होता त्याचं पुढं झालं शहर, आणि राज्य सांभाळणारा तो क्षत्रप. हा क्षत्रप शब्द तर पैठणच्या दारापर्यंत आला होता. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि त्यांचा मोठा वैरी नहपान हा क्षत्रप. गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवलं आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारून ती परत चालवली, १९०६ मधी नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा हजारोंचा साठाच सापडला. तर शहर, शाह, क्षत्रिय, क्षत्रप, चेक, चेस, हे सगळे एका खळ्यातले दाणे.

शेवटी थोडं सावध करतो, कारण एकदा असं मूळ सापडलं की माणूस सगळीकडं शाहच बघायला लागतो. चेक प्रजासत्ताक या देशाचा याच्याशी काही संबंध नाही, ते तिथल्या चेख लोकांचं स्वतःचं नाव आहे. शाहीर पण यातला नाही, वाटतो शाहसारखा, पण तो अरबी शायरवरून आलाय, म्हणजे कवी. आणि शहाणा तर अजिबातच नाही, तो हिंदीतल्या सयानाचा भाऊ.